हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या गृहिणीचे कोरडे डोळे : आहार आणि पूरक गोळ्यांचा एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखले जाते आणि तेथील पैंजणांच्या कामाचा मोठा भाग घराघरांतून, विशेषतः स्त्रियांच्या हातून होतो. या प्रकरणातील रुग्ण अशाच एका घरातील, ४७ वर्षांच्या गृहिणी आहेत. बारीक कड्या एकमेकींत अडकवणे आणि लहान ज्योतीवर त्यांचे सांधे झाळणे हे काम त्या लग्नानंतर शिकल्या आणि आजही दिवसाचे सहा-सात तास करतात. घर माळकरी असल्याने मांस, मासे आणि अंडी वर्ज्य आहेत. पाच वर्षांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले असून मेटफॉर्मिन चालू आहे, आणि मासिक पाळी गेल्या दीड वर्षापासून बंद आहे. हे प्रकरण एकाच व्यक्तीचे हुबेहूब वर्णन नाही. या भागात आहार-सल्ल्यासाठी येणाऱ्या स्त्रियांत वारंवार दिसणाऱ्या बाबी एकत्र करून ते मांडले आहे, जेणेकरून कोणाची ओळख उघड होणार नाही आणि विचाराची दिशा मात्र पूर्ण दिसेल.

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती : "डोळ्यात वाळू घातल्यागत होतंय बघा, आणि सांजच्याला नुसतं पाणी वाहतंय." वर्षभर जळजळ होत होती, दुपारनंतर कड्या धूसर दिसत, आणि पापण्यांची उघडझाप केली की क्षणभर स्पष्ट दिसून पुन्हा धूसर होत असे. डोळ्यांतून पाणी येते म्हणजे डोळे कोरडे असणे शक्यच नाही, असे घरातील सर्वांनी गृहीत धरले होते, आणि त्यामुळे उपचार ॲलर्जीच्या दिशेने गेले होते. नेत्रतज्ज्ञांनी कोरडेपणाचे निदान करून त्यांना आहार-सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवले, ते मुख्यतः एका प्रश्नामुळे : त्या घेत असलेल्या इतक्या पूरक गोळ्यांपैकी कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या थांबवायच्या?

तपासणीत काय दिसले

आहाराचा विचार करण्यापूर्वी डोळ्यांत नेमके काय कमी आहे हे पाहणे आवश्यक असते, आणि माझ्या मते याच पायरीला सर्वांत जास्त वेळा फाटा दिला जातो. बुबुळावर पसरलेले अश्रूपटल तीन घटकांनी बनते. पृष्ठभागाला चिकटून असतो म्युसिनचा बुळबुळीत थर, जो मुख्यतः नेत्रावरणातील (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणातील) गॉब्लेट पेशी तयार करतात. त्याच्याशी मिसळलेला पाण्याचा भाग अश्रुग्रंथींतून येतो. सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून पाझरतो. हा तेलाचा थर पाण्याचे बाष्पीभवन रोखतो. तिन्हींपैकी कोणताही घटक बिघडला तरी रुग्णाला तक्रार मात्र सारखीच जाणवते, म्हणजे जळजळ, खुपणे आणि धूसरपणा.

शर्मर चाचणीत, म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत ती किती भिजते हे पाहण्याच्या चाचणीत, त्यांची पट्टी १४ मिलिमीटर भिजली. ५ मिलिमीटरपेक्षा कमी असते तर पाण्याची गंभीर कमतरता मानली असती. तशी ती नव्हती. फ्लुओरेसिनचा रंग घालून अश्रूपटल किती वेळ अखंड राहते हे पाहिले, तेव्हा ते ४ सेकंदांतच फुटत होते. १० सेकंदांपेक्षा कमी वेळ हा बिघाड समजला जातो. पापणीची कड दाबल्यावर स्वच्छ, पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखा घट्ट पांढरट स्राव बाहेर आला आणि काही ग्रंथींची तोंडे पूर्ण बंद होती. रातांधळेपणा नव्हता, नेत्रावरणावर बिटॉटचे ठिपके, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत दिसणारे फेसासारखे पांढरट ठिपके, नव्हते. तोंडाला कोरड नव्हती, सांधे सुजत नव्हते, त्यामुळे शोग्रेन विकाराची (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर उलटते) शंका तूर्त बाजूला ठेवण्यात आली. तक्रारींची तीव्रता मोजणाऱ्या १२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्यांचा गुणांक १०० पैकी ४८ आला. या प्रश्नावलीत १२ पर्यंतचा गुणांक सर्वसाधारण आणि ३३ च्या वरचा तीव्र मानतात.

अर्थ स्पष्ट होता. पाणी पुरेसे तयार होत होते, पण तेलाचा थर निकृष्ट असल्याने ते टिकत नव्हते. संध्याकाळच्या पाण्याचाही उलगडा यातच आहे : अश्रूपटल फुटले की बुबुळावरील मज्जातंतू उघडे पडतात, ते चिडतात, आणि त्यांच्या इशाऱ्यावर अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. हे पाणी डोळ्यांत न टिकता गालावर ओघळते आणि कोरडेपणा तसाच राहतो.

रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व १४८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आढळले, जे २०० च्या खाली असल्याने कमी होते. ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे तेही कमी. थायरॉईड ठीक होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शवणारा एचबीए१सी ७.४ टक्के होता.

पिशवीतील डब्या

पहिल्या भेटीला त्या कापडी पिशवीत चार डब्या आणि गोळ्यांची एक पट्टी घेऊन आल्या होत्या. सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाने असेच करावे, कारण सांगताना निम्मी औषधे विसरली जातात.

पहिली डबी होती "डोळ्यांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीची. तीत ल्युटीन, झिॲक्सँथिन, जस्त आणि ५,००० युनिट अ जीवनसत्त्व होते. ल्युटीन आणि झिॲक्सँथिन ही रंगद्रव्ये डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात साठतात. वयोमानानुसार मॅक्युला झिजण्याच्या विकारात त्यांचा उपयोग अमेरिकेतील एआरईडीएस-२ या मोठ्या चाचणीत तपासला गेला आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या विकाराच्या ठरावीक टप्प्यावर असलेल्यांना ते मिश्रण दिले जाते. मात्र तो विकार पडद्याचा आहे आणि आपल्या रुग्णाचा दोष पापणीच्या कडेला आहे. वेष्टनावर डोळ्याचे चित्र असले की डोळ्याच्या कोणत्याही दुखण्यावर ती गोळी चालेल, असा समज दुकानापासून घरापर्यंत पसरतो, आणि या बाईंनी त्या समजापायी वर्षभर पैसे मोजले होते.

दुसरी डबी सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिनची होती आणि तीतही अ जीवनसत्त्व ५,००० युनिट होते. दोन्ही मिळून रोज १०,००० युनिट, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम रेटिनॉल. प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली रोजची कमाल मर्यादा बरोबर इतकीच आहे, आणि आहारातील दूध-तूप-लोणी त्यावर वेगळे. अ जीवनसत्त्व चरबीत विरघळते, यकृतात साठते आणि जास्त झाले तर लघवीवाटे निघून जात नाही. गर्भवतीला त्याचा अतिरेक विशेष धोकादायक असतो. आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते : मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्याच कुळातील औषध मायबोमियन ग्रंथींचा स्राव बिघडवते आणि डोळे कोरडे करते. त्यामुळे कोरड्या डोळ्यांवर अ जीवनसत्त्व "जितके जास्त तितके चांगले" हे मुळातच खरे नाही.

तिसरी डबी कॅल्शियमची, तिच्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही.

चौथी डबी मुलाने पुण्याहून पाठवलेली, मोठ्या अक्षरांत "ओमेगा-३" लिहिलेली. मागच्या बाजूच्या बारीक मजकुरात माशाचे तेल आणि जिलेटिन असे दोन्ही शब्द होते आणि कोपऱ्यात मांसाहारी पदार्थाचे तपकिरी त्रिकोणी चिन्ह होते. घरात ते कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या व्यक्तीला हे सांगणे जड जाते, पण न सांगणे त्याहून अयोग्य ठरले असते. ऐकल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग डबी पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि "हे आता नको," एवढेच म्हणाल्या. खाद्य-पूरकाच्या वेष्टनावर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह असते, परंतु औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर ते असेलच असे नाही. म्हणून शाकाहारी रुग्णाला कॅप्सूल सुचवताना आतला घटक आणि बाहेरचे आवरण या दोहोंविषयी सांगणे हे सुचवणाऱ्याचे कर्तव्य आहे. भारतातील नियमांनुसार अशा खाद्य-पूरकांच्या वेष्टनावर ती औषधी उपयोगासाठी नाहीत असे छापावे लागते. तेही त्या डबीवर होते, आणि तेही कोणी वाचले नव्हते.

उरली गोळ्यांची पट्टी. ती सेटिरिझिनची होती. ॲलर्जी समजून त्या रोज रात्री एक गोळी घेत होत्या. ॲलर्जीवरील अशा गोळ्या अश्रू आणि लाळ यांचा स्राव कमी करू शकतात. डोळ्यांचा कोरडेपणा वाढवू शकणारी गोष्ट पिशवीत होती, आणि तिचे नाव कोणी कोरडेपणाच्या संदर्भात घेतलेच नव्हते.

ओमेगा-३ : पुरावा किती आणि कसा

मुलाचा आग्रह प्रेमापोटी होता आणि त्याने वाचलेली माहिती पूर्णपणे निराधारही नव्हती, म्हणून त्याला व्यवस्थित उत्तर देणे आवश्यक वाटले. ओमेगा-३ मेदाम्ले दाह कमी करणाऱ्या द्रव्यांची निर्मिती वाढवतात, आणि आहारातील मेदाचा परिणाम मायबोमियन ग्रंथींच्या तेलाच्या घडणीवर होऊ शकतो, हा त्यामागचा तर्क. २००५ मध्ये अमेरिकेतील ३२,००० हून अधिक स्त्रियांच्या पाहणीतून असे दिसले की ज्यांच्या आहारात ओमेगा-३ अधिक, विशेषतः ट्यूना मासा वारंवार, त्यांच्यात कोरड्या डोळ्यांचे प्रमाण कमी होते. अशा पाहणीतून संबंध दिसतो; कारण सिद्ध होत नाही, कारण मासे नियमित खाणाऱ्या स्त्रियांचे बाकीचे जगणेही वेगळे असू शकते. पुढे २०१५ मध्ये संगणकावर काम करणाऱ्यांच्या एका भारतीय चाचणीत तीन महिन्यांच्या ओमेगा-३ सेवनाने तक्रारी कमी झाल्याचे नोंदवले गेले, आणि कॅप्सूलचा खप वाढवणारी बहुतेक माहितीपत्रके अशाच लहान मुदतीच्या अभ्यासांवर उभी आहेत.

त्यानंतर आली ड्रीम चाचणी. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र कोरडेपणा असलेले ५३५ रुग्ण, १२ महिने मुदत. एका गटाला रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३, ज्यात २,००० मिलिग्रॅम ईपीए आणि १,००० मिलिग्रॅम डीएचए, ही माशाच्या तेलातील दोन मुख्य ओमेगा-३ मेदाम्ले. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमधून ऑलिव्ह तेल. कोणाला काय मिळते हे रुग्णाला वा डॉक्टरला ठाऊक नव्हते. वर्षअखेर माशाच्या तेलाच्या गटाचा तक्रार-गुणांक सरासरी १३.९ ने उतरला, आणि ऑलिव्ह तेलाच्या गटाचा १२.५ ने. दोहोंतील फरक दखल घेण्याजोगा नव्हता. शर्मर चाचणी आणि अश्रूपटल फुटण्याचा वेळ यांतही दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक पडला नाही.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे, कारण कॅप्सूल घेऊन बरे वाटलेल्या शेकडो लोकांचा अनुभव त्यात दडलेला आहे. दोन्ही गट सुधारले. कोरडेपणाच्या तक्रारी ऋतूप्रमाणे, कामाप्रमाणे वर-खाली होत असतात. माणूस दवाखान्यात जातो ते त्या सर्वांत वर असताना, आणि पुढे त्या काही प्रमाणात आपोआपही उतरतात. शिवाय चाचणीत असलेला माणूस थेंब वेळेवर घालतो आणि स्वतःच्या डोळ्यांकडे लक्ष देतो. त्यामुळे "मला फरक पडला" हे म्हणणे प्रामाणिक असूनही तो फरक कॅप्सूलमुळेच पडला असे त्यातून ठरत नाही. ऑलिव्ह तेल ही निवड काही तज्ज्ञांना खटकली, कारण त्याचाही थोडा उपयोग होत असू शकेल. हा आक्षेप रास्त आहे, पण वापरलेली मात्रा रोज सुमारे एक छोटा चमचाच होती, आणि एवढ्या ऑलिव्ह तेलाने जे साधते ते साधायला महागडी कॅप्सूल कशाला, हा प्रश्न मग उरतोच.

वैद्यकीय पुराव्याचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ३४ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि पुरावा विसंगत व अनिश्चित असल्याचा निष्कर्ष निघाला. २०२२ मध्ये व्हायटल या अमेरिकेतील मोठ्या चाचणीतील २३,५२३ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. रोज १ ग्रॅम ओमेगा-३ पाच वर्षांहून अधिक काळ घेऊनही नव्याने कोरडेपणा होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. आपल्या रुग्णाच्या डबीतील एका कॅप्सूलमध्ये १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए होते. ड्रीम चाचणीची मात्रा गाठायची तर अशा दहा कॅप्सूल रोज लागल्या असत्या, आणि त्या मात्रेनेही फारसे साधले नव्हते. इतक्या मोठ्या मात्रेत रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माशाचे तेल घेऊ नये, हे वेगळेच.

हे सर्व ऐकल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, "म्हणजे आईचं काही नुकसान होणार नाही ना, ती बंद केली तर?" पुराव्याच्या आधारे याचे उत्तर "नाही" असे देता आले.

ताटात काय होते

त्यांचा रोजचा आहार या भागातील कष्टकरी घराचा होता : सकाळी चहा आणि चपाती, दुपारी ज्वारीची भाकरी, आमटी किंवा उसळ, शेंगदाण्याची अथवा कारळ्याची चटणी, रात्री भात-आमटी. चहा दिवसातून पाच वेळा. दूध चहापुरते, ताक उन्हाळ्यात. पालेभाजी आठवड्यातून एखाद-दोनदा. एकादशीला साबुदाणा. फोडणीला सूर्यफुलाचे तेल आणि अधूनमधून घाण्यावरचे शेंगतेल.

"आम्ही कारळ्याची चटणी खातो की," असे त्यांनी ओमेगा-३ चा विषय निघताच सांगितले. येथे एक व्यापक गैरसमज आहे. कारळे, शेंगदाणे, तीळ, सूर्यफूल आणि करडई यांत ओलेइक आम्ल किंवा ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल मुख्य असते; ओमेगा-३ जवळपास नसते. स्वयंपाकघरातील गळिताच्या धान्यांत खरा ओमेगा-३ चा साठा जवसात आहे. दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे ७ ग्रॅममध्ये, दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल (वनस्पतींत मिळणारे ओमेगा-३) असते, आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज तेवढ्यात भागते. अक्रोडातही ते भरपूर आहे, सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात थोडे. मात्र शरीर या आम्लाचे ईपीएत रूपांतर फार कमी प्रमाणात करते आणि डीएचएत तर त्याहूनही कमी. म्हणून जवस हा माशाच्या तेलाचा तुल्य पर्याय आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. जवस सुचवले ते आहारात एक आवश्यक मेदाम्ल जवळजवळ नव्हतेच म्हणून, आणि मधुमेहाच्या आहारात तंतुमय पदार्थ वाढावेत म्हणून. डोळ्यांवरचे औषध म्हणून ते दिलेले नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

(ज्यांच्या घरी मासे चालतात त्यांच्यासाठी एक नोंद : तांबडा-पांढरा रस्सा कितीही आवडीचा असला तरी मटणात ओमेगा-३ नगण्य असते. घाटाखालून कोल्हापुरात येणारे बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे त्या बाबतीत फार पुढे आहेत, आणि आठवड्यातून दोनदा ते ताटात आले तर हृदयासाठीही हिताचे.)

अ जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने पाहावा लागतो. ते कमी पडले तर गॉब्लेट पेशी नष्ट होतात, म्युसिन आटते, नेत्रावरण सुरकुतते, आणि वेळीच लक्ष न दिल्यास बुबुळ विरघळून मूल कायमचे आंधळे होऊ शकते. याच कारणाने भारत सरकारने १९७० मध्ये पोषणजन्य अंधत्व रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला. आजही मुलांना ९ व्या महिन्यात १ लाख युनिट आणि पुढे वयाच्या पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट अ जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो. अंगणवाडीतला तो चमचा कोणी चुकवू नये, हे मी येथे आग्रहाने नोंदवते. परंतु ज्या प्रौढ व्यक्तीला रातांधळेपणा नाही, बिटॉटचे ठिपके नाहीत आणि जिला यकृताचा वा पचनाचा विकार नाही, तिला हे जीवनसत्त्व गोळीतून ओतण्याचे कारण नाही. तिच्यासाठी शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, चाकवत, अळू, लाल भोपळा, गाजर आणि हंगामात पपई पुरेशी आहे. वनस्पतींतील बीटा-कॅरोटीन शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्वात बदलते, त्यामुळे अन्नातून अतिरेक होत नाही. ते शोषले जाण्यासाठी सोबत थोडा स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून तेलाच्या फोडणीची पालेभाजी ही कच्च्या गाजराच्या रसापेक्षा अधिक उपयोगी पडते.

खरी उणीव दोन ठिकाणी होती. बी-१२ केवळ प्राणिजन्य अन्नात नैसर्गिकपणे मिळते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच येते, आणि या घरात दूध चहापुरते होते. त्यात मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ चे शोषण घटते. बुबुळ हा शरीरातील सर्वाधिक मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक आहे आणि बी-१२ मज्जातंतूंच्या आरोग्यासाठी अनिवार्य आहे. कमतरतेचा संबंध डोळ्यांच्या जळजळीशी, विशेषतः तपासणीत दिसते त्याहून वेदना जास्त असण्याशी, काही अभ्यासांत दिसला आहे. विचारल्यावर तळपायांना मुंग्या येत असल्याचेही त्यांनी सांगितले, आणि ती तक्रार त्यांनी यापूर्वी कोणाकडे केली नव्हती. डोळ्यांचे काहीही असो, ही कमतरता भरून काढणे तर अटळच होते. ड जीवनसत्त्वाचेही तसेच. कोरडेपणाशी त्याचा संबंध पाहणी-अभ्यासांतून दिसतो, उपचार म्हणून पुरावा मर्यादित आहे, पण दिवसभर घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या हाडांसाठी ते हवेच.

काय ठरले आणि काय झाले

फिजिशियनने बी-१२ ची इंजेक्शने आणि त्यानंतर गोळ्या, तसेच ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे असे लिहून दिले. ड जीवनसत्त्वाची ही पाकिटे मुदत संपल्यावर स्वतःच्या मनाने चालू ठेवू नयेत, कारण जास्त झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. डोळ्यांची गोळी, मल्टिव्हिटॅमिन आणि माशाचे तेल थांबले. सेटिरिझिन नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने बंद झाले. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळा सुरू झाले.

पापण्यांच्या शेकाला मी सर्वांत जास्त वेळ दिला, जरी तो आहाराचा भाग नाही. ग्रंथींत गोठलेले तेल वितळायला पापणीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके दोन मिनिटांत निवते, आणि बहुतेक जण तेवढ्यावर शेक झाला असे समजतात. म्हणून दोन फडकी, आळीपाळीने, आठ-दहा मिनिटे, सकाळ-संध्याकाळ, असे ठरले. मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे फडके आधी सुनेने मनगटाच्या आतील बाजूला लावून पाहावे असे सांगितले. शेकानंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, पापणीच्या केसांच्या दिशेने हलक्या बोटाने निपटायची.

कामाच्या जागेची पाहणी बोलण्यातूनच झाली. ज्योत चालू असताना पंखा बंद असतो, म्हणून ज्योत विझवून कड्या अडकवायला बसल्यावर टेबल फॅन थेट तोंडावर घेतला जाई. गुडघेदुखीमुळे त्या दोन वर्षांपासून पाटाऐवजी उंच टेबलावर काम करत होत्या, त्यामुळे नजर समोर आणि डोळे पूर्ण उघडे राहत. नजर खाली असली की पापण्यांतील फट लहान होते आणि बाष्पीभवन घटते. टेबल सहा इंच कमी केले, पंखा पाठीमागे गेला. बारीक कामात पापण्या मिटण्याचे प्रमाण मिनिटाला सुमारे १५ वरून त्याच्या निम्म्यावर वा त्याहून खाली येते, म्हणून कड्यांची एक लड पूर्ण झाली की डोळे दोन-तीनदा पूर्ण मिटायचे, अशी खूण कामाशीच जोडून दिली.

आहारात बदल मोजकेच ठेवले. जवस हलके भाजून आठवड्यापुरतेच दळायचे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि रोज एक मोठा चमचा चटणीतून वा आमटीवर घ्यायचे. अख्खे दाणे बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतात, म्हणून दळणे महत्त्वाचे. पालेभाजी आठवड्यातून चार दिवस. रोज दोन वाट्या दही किंवा ताक. चहा पाचावरून दोनवर, तोही साखरेच्या हिशेबाने; पाणी वेळेवर. एकादशीला साबुदाण्याऐवजी वरई, राजगिरा आणि दही.

सहा आठवड्यांनी जळजळ कमी होती, पण अश्रूपटलाचा वेळ ५ सेकंदांवरच होता. तीन महिन्यांनी तो ७ सेकंद झाला, प्रश्नावलीचा गुणांक ४८ वरून २७ वर उतरला, पापणीतून येणारा स्राव पातळ झाला. बी-१२ ४१२ वर गेले आणि तळपायांच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. लग्नसराईच्या मागणीत काम दहा तासांवर गेले तेव्हा संध्याकाळचे पाणी पुन्हा सुरू झाले आणि शेकही चुकला होता. हा सगळा फरक कशामुळे पडला हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही, कारण सर्व बदल एकाच वेळी झाले. माझा अंदाज असा की मोठा वाटा शेकाचा, पंख्याचा आणि बंद केलेल्या सेटिरिझिनचा आहे, बी-१२ ने जळजळीची तीव्रता उतरवली असावी, आणि जवस व पालेभाजीचा लाभ साखर, पोट आणि एकूण पोषण यांना झाला.

शेवटच्या भेटीत मुलगा सोबत होता. शैवालापासून काढलेले ओमेगा-३, शाकाहारी आवरणातले, आता मिळते. ते आईला चालेल का, असे त्याने विचारले. व्रताच्या दृष्टीने ते चालेल, पण त्यातील बऱ्याच कॅप्सूलांत डीएचए मुख्य आणि ईपीए कमी असते, किंमत माशाच्या तेलापेक्षा जास्त असते, आणि ड्रीम चाचणीचा निकाल पाहता डोळ्यांसाठी मी त्याचा आग्रह धरणार नाही, असे सांगितले. त्यांनी तिथेच हिशेब केला. त्या कॅप्सूलच्या पैशांत महिन्याचे थेंब, बी-१२ च्या गोळ्या आणि सहा महिन्यांनी करायची रक्ततपासणी हे सर्व भागत होते. कॅप्सूल घ्यायची नाही असे मायलेकांनी ठरवले, आणि मधुमेहामुळे दरवर्षी करावी लागणारी पडद्याची तपासणी आजवर एकदाही झालेली नव्हती, तिची तारीख नेत्रतज्ज्ञांकडून घेऊनच ते परतले.